स्टेम बदलल्यावर पुढून खटखट: वरचा बोल्ट आवळून ती जाणार नाही

मला समजलं ते असं: तुम्ही एमटीबीवरचा (डोंगरवाटांच्या सायकलीवरचा) १०० मिमीचा स्टेम, म्हणजे हँडलला चिमट्याच्या नळीशी जोडणारा तुकडा, काढून ६० मिमीचा घातलात, खांद्यांचं दुखणं थांबलं, पण तेव्हापासून पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या खाली खटखट होते. वरचा बोल्ट जीव खाऊन आवळला तरी ती जात नाही. तो बोल्ट आता आणखी आवळू नका.

आपल्याकडचा हा गोंधळ जुन्या सायकलींपासून आलेला आहे. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीला हँडलच्या मधोमध एक लांब बोल्ट असायचा. तो आवळला की खाली पाचर बसायची आणि हँडल पक्कं व्हायचं. हेडसेट, म्हणजे चिमटा ज्यांवर वळतो ती बेअरिंगं, वेगळा, आट्यांवर चढवलेला. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या हाताला तीच सवय आहे: मधला बोल्ट दिसला की आवळ. पण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डाया-कॉम्पे कंपनीनं 'अहेडसेट' आणला आणि चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) नळीवरचे आटे गेले. आता नळी गुळगुळीत असते आणि स्टेम तिला बाजूच्या दोन बोल्टांनी धरून ठेवतो. वरच्या टोपीचा बोल्ट काहीच धरत नाही. नळीच्या आत ठोकून बसवलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या नटला, स्टार नटला, तो वर ओढतो आणि टोपी स्टेमला खाली दाबते. त्या दाबानं बेअरिंगमधली ढिलाई गेली की त्याचं काम संपलं.

म्हणजे टोपीला दाबता यायचं तर स्टेम खाली सरकायला मोकळा हवा. तुमच्या बाबतीत बहुधा दोनपैकी एक गोष्ट झाली आहे. एक तर तुम्ही बाजूचे बोल्ट आधी आवळले आणि टोपी नंतर. मग स्टेम नळीला घट्ट धरून बसला आहे, टोपी कितीही दाबा, बेअरिंगपर्यंत काही पोचत नाही. दुसरी शक्यता मला जास्त वाटते: नवा स्टेम उंचीला कमी आहे. लांबी सगळे बघतात, नळीवर बसणाऱ्या भागाची उंची कोणी बघत नाही. जुना ४० मिमी उंच असेल आणि नवा ३५, तर नळीचं टोक स्टेमच्या वर येतं आणि टोपी स्टेमऐवजी नळीवरच टेकते.

टोपी काढून आत बघा, बोट फिरवून बघा. नळीची कड स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिमी खाली हवी. सपाट लागली किंवा वर आली, तर दुखणं सापडलं. स्टेमच्या वर किंवा खाली ५ मिमीचा एक स्पेसर, म्हणजे नळीवर बसणारं कडं, घाला. त्यासाठी नळी कापायला जाऊ नका, कापलेली परत वाढत नाही.

टोपी काढल्यावर सायकल उचलू नका, टांगून तर मुळीच ठेवू नका. स्टेम निघाला की चिमट्याला वर धरणारं काही उरत नाही, तो सरळ खाली घसरतो. माझा एकदा घसरला होता, पावसाळ्यानंतर. बेअरिंगच्या खालच्या कपातलं (वाटीतलं) ग्रीस टेकडीच्या मातीसारखं तांबूस झालेलं, छर्ऱ्यांवर गंजाचे ठिपके, आणि दोन छर्रे पिंजऱ्यातून निसटून फरशीवर. तुमचा घसरलाच तर घाबरू नका. कप पुसा, नवं ग्रीस भरा, पिंजरा ज्या बाजूनं होता त्याच बाजूनं ठेवा.

आता क्रम. चाक जमिनीवर. स्टेमचे बाजूचे दोन्ही बोल्ट ढिले. ॲलन कीचा लांब दांडा टोपीच्या बोल्टात घाला आणि आखूड दांडा दोन बोटांनी फिरवा, एवढ्या जोरानं पुरतं. मग पुढचा ब्रेक दाबून ठेवा, दुसऱ्या हाताचं बोट खालच्या कपाच्या आणि चिमट्याच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढेमागे हलवा. सांधा बोटाखाली हलत असेल तर बोल्ट पाव फेरा आणखी. सांधा स्थिर असेल आणि तरी खटखट येत असेल, तर ती सस्पेन्शनच्या बुशची (चिमट्याच्या सरकणाऱ्या नळ्यांमधल्या कड्यांची) किंवा ब्रेक पॅडची आहे, हेडसेटला दोष देऊ नका. खात्रीसाठी हँडल काटकोनात वळवून परत हलवा, त्यात बुशचा आवाज बराच गळतो. ढिलाई गेली की पुढचं चाक उचला आणि हँडल सोडा. चाक आपल्या वजनानं एका बाजूला पडलं पाहिजे. अडखळलं तर जास्त आवळलंत.

यानंतर चाक गुडघ्यांत धरून स्टेम त्याच्या रेषेत आणा, आणि शेवटी बाजूचे बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. किती, ते स्टेमवर छापलेलं असतं, बहुतेक वेळा ५ ते ६ न्यूटन मीटर. हे बोल्ट मात्र अंदाजानं सोडू नका. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, खाणीच्या बाजूच्या दगडगोट्यांत माझं चाक दोन दगडांमध्ये अडकलं आणि हँडल हातात तसंच वळलं. चाक सरळच. एका दुकानात टोपी इतकी आवळली होती की स्टार नट वर सरकला होता, आणि बाजूचे बोल्ट जेमतेम टेकवलेले. वेग कमी होता म्हणून कोपरावर निभावलं. तेव्हापासून माझ्या सायकलीचे हे दोन बोल्ट मी दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाहीत.

तुमची नळी कार्बनची असेल तर स्टार नट ठोकू नका, त्यात फुगणारा प्लग लागतो.

लगेच सिंहगडावर नेऊ नका. ६० मिमीला हँडल पूर्वीपेक्षा चपळ वळतं, उतारावर ते पहिल्यांदा अनुभवायला नको. पाषाणच्या रस्त्यावर एक चक्कर मारा, घरी येऊन ब्रेक दाबून सांधा परत तपासा. ढिलाई वाटली तर आधी बाजूचे बोल्ट सैल, मग टोपी, मग पुन्हा बाजूचे.

नळीची कड किती खाली आहे ते मोजून इथे लिहा. ५ मिमीचे दोन स्पेसर माझ्याकडे पडून आहेत, कोथरूडच्या बाजूला येणं झालं तर घेऊन जा.