सेव्ह दाबलं की नोड गायब

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांत आम्ही मातीचा ओलावा मोजणारे 12 लोरा (कमी विजेत दूरवर पोचणारा रेडिओ) मेश नोड, म्हणजे एकमेकांचे निरोप पुढे पाठवणारी यंत्रं, बसवलेत. सेटिंगचं पान आम्हीच बनवलंय. शेतकऱ्याने फोनवरून एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर : निरोप किती सावकाश आणि किती लांब जाईल ते ठरवणारा आकडा) बदलून सेव्ह केलं की तो नोड जाळ्यातून तुटतो आणि नाशिकहून कुणाला तरी बागेत जावं लागतं. पानात काय बदलावं?

उत्तर : आधी सेटिंग्ज वेगळ्या करा. नोडचं नाव, किती मिनिटांनी मोजायचं, सेन्सरची दुरुस्ती हे एका नोडपुरतं आहे. फ्रिक्वेन्सी, बँडविड्थ (चॅनलची रुंदी), एसएफ आणि निरोप कुलूपबंद करणारी किल्ली मात्र सगळ्या जाळ्याची. एका ठिकाणी वेगळी झाली की त्या नोडचं बोलणं बाकीच्यांपर्यंत पोचत नाही. ‘हा नोड’ आणि ‘पूर्ण जाळं’ अशी दोन पानं करा. पहिल्या पानावर एसएफ दिसू दे, पण बदलता येऊ नये.

दुसऱ्या पानावरच्या सेव्हने लगेच काही बदलता कामा नये. गेटवे (सगळ्या नोडांचे निरोप गोळा करणारं मुख्य यंत्र) नवी सेटिंग्ज प्रत्येक नोडला पाठवेल, नोड ती बाजूला ठेवून जुन्यावरच चालत राहील आणि पोच देईल. पानावर स्पष्ट लिहा : ‘12 पैकी 11 नोडांना मिळालं. बाकी : विहीर-पश्चिम.’ बारावी पोच येईपर्यंत ‘आता बदला’ बटण बंदच ठेवा. बदलल्यावर ठरलेल्या वेळात गेटवेचा आवाज आला नाही, तर नोडने आपणहून जुन्यावर परतायचं. ही वेळ झोपेच्या वेळेहून मोठी हवी : नोड 15 मिनिटांनी जागा होत असेल तर 10 मिनिटं ठेवून काही उपयोग नाही, 45 ठेवा. एखादा नोड मागे राहिला तर गेटवेनेही थोडा वेळ जुन्या सेटिंगवर जाऊन त्याला शोधायला हवं; हा भाग हमखास विसरला जातो. नोडच्या फ्लॅशमध्ये सेटिंगच्या दोन प्रती, दोन्हींना सीआरसी (प्रत बिघडली का ते ओळखणारा तपासणीचा आकडा). लिहितानाच बॅटरी बसली तर जुनी प्रत शाबूत राहते.

एसएफ निवडताना परिणाम शेजारीच दाखवा. 125 किलोहर्ट्झ बँडविड्थवर 20 बाइटचा निरोप एसएफ 7 ला सुमारे 57 मिलिसेकंद घेतो, एसएफ 12 ला सुमारे 1.3 सेकंद. बाराही नोडांनी तो एकेकदा पुढे पाठवला तर हवा सुमारे 16 सेकंद अडते. ‘पल्ला वाढतो’ एवढंच वाचून लोक एसएफ 12 निवडतात. फ्रिक्वेन्सीला मोकळी चौकट देऊ नका. 865 ते 867 मेगाहर्ट्झमधले ठरलेले चॅनल यादीतून निवडू द्या.

प्रश्न : ऑक्टोबर छाटणीनंतर तपासलं तेव्हा सगळे नोड हिरवे होते. डिसेंबरात निरोप गळू लागले, तरी सेटिंगच्या पानावर हिरवंच.

उत्तर : छाटणीनंतर मांडव उघडा असतो; डिसेंबरात पानांनी भरतो आणि पानांतलं पाणी सिग्नल खातं. अँटेना मांडवाच्या वर काढा. सेटिंगच्या पानावर ‘शिल्लक’ दाखवा, म्हणजे सिग्नल वाचता येण्याच्या मर्यादेहून किती वर आहे. एसएफ 10 ला साधारण उणे 15 डेसिबलपर्यंतचा एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) वाचता येतो; नोडकडून उणे 9 येत असेल तर शिल्लक 6. आजचा आकडा फसवा असतो, म्हणून गेल्या 7 दिवसांतला सर्वांत कमी दाखवा. हिरव्या ठिपक्याऐवजी ‘शेवटचा निरोप 14 मिनिटांपूर्वी’ असं लिहा. झोपलेला नोड आणि मेलेला नोड ठिपक्यावरून ओळखू येत नाहीत.

प्रश्न : काही फोनवर मिनिटांचा आकडा टाकला की ‘चुकीची संख्या’ येतं.

उत्तर : मराठी कीबोर्डवरून १५ टाइप होतं आणि तुमची तपासणी फक्त 15 ओळखते. आकड्याचा खास इनपुट देवनागरी अंक घेईलच असं नाही. साधा टेक्स्ट इनपुट ठेवा, इनपुटमोड न्यूमेरिक (आकड्यांचा कीबोर्ड उघडणारी सूचना) द्या आणि तपासण्याआधी १ चा 1 करून घ्या, फोनवरही आणि नोडच्या कोडमध्येही.