नागपुरातल्या रॅपर जोडीने पहिल्या अल्बमचे सगळे बीट (रॅपमागे वाजणारे संगीत) एकाकडूनच घ्यावेत का, आणि एकूण खर्च किती येतो?

होय, एकाकडूनच घ्यावेत. तुम्ही लिहिले आहे की तुम्हा दोघांना ‘द कोल्ड व्हेन’ हा रॅप अल्बम पाठ आहे, तरीही निरनिराळ्या लोकांचे बीट नेटवरून लीजवर, म्हणजे भाड्याने, घेणे स्वस्त आणि शहाणपणाचे पडेल, असे तुम्हाला कोणीतरी पटवून दिले आहे. असे पटवणारी माणसे मला चांगली ठाऊक आहेत, कारण त्यांच्यापैकी एकाबरोबर मी याच शहरात भागीदारीत स्टुडिओ चालवला आहे.

तुमच्याच आवडत्या अल्बमचे घ्या. हार्लेमच्या कॅनिबल ऑक्स या जोडीचा तो पहिला अल्बम २००१ साली डेफिनिटिव्ह जक्स या कंपनीने काढला आणि त्याचे सगळे बीट एल-पी या एकाच माणसाने केले. व्हास्ट एअर शब्द ताणून, टोमणा मारल्यासारखा बोलतो आणि व्होर्डल मेगा यमकात यमक अडकवत सलग पुढे जातो. इतके वेगळे दोन आवाज एका जागी नांदतात ते त्या थंड, दाट आवाजाच्या भिंतीमुळे. दिल्लीच्या सीधे मौत या रॅप जोडीचा २०१८ सालचा ‘बयान’ हा अल्बमही सेझ ऑन द बीट या एकाच निर्मात्याच्या, म्हणजे बीट करणाऱ्याच्या, हातचा आहे.

आमच्या स्टुडिओत उत्तर नागपुरातली अशीच एक जोडी ऐन मे महिन्यात आली होती. कूलर चालू ठेवला तर कंडेन्सर माईक त्याची घरघर उचलतो, म्हणून प्रत्येक टेकला, म्हणजे गाणे टिपायच्या प्रत्येक खेपेला, तो बंद करायचा आणि मुले घामाघूम होऊन बाहेर आली की पुन्हा लावायचा, असे आमचे काम चाले. ते सहन करता आले; असह्य होते ते बीट. माझ्या भागीदाराने “अल्बममध्ये व्हरायटी पाहिजे” असे म्हणत वेगवेगळ्या निर्मात्यांचे सर्वांत स्वस्त लीज मुलांच्या गळ्यात मारले होते, आणि त्या दरात प्रत्येक बीटची फक्त एक एमपीथ्री फाइल मिळते, वाद्यांचे वेगळे ट्रॅक मिळत नाहीत. दोघांपैकी एकाचा आवाज खर्जातला होता. बीटचा बेस त्याच्यावर चढून बसे, आणि तो इक्यूने (आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करण्याच्या सोयीने) कापायला गेले की किक ड्रमचा ठोकाही त्याच्याबरोबर पोकळ होई. एका गाण्यात हे कसेबसे निभावले की पुढच्या गाण्यात निर्माता निराळा, बेस निराळा, डोकेदुखी निराळी. शिवाय लीजचा बीट एकट्या तुमचा नसतो. अल्बम आल्यावर त्यातल्याच एका बीटवर पंजाबातल्या कुणाचे तरी गाणे आधीपासून असल्याचे लोकांनी मुलांना दाखवले, आणि दुसऱ्या एका गाण्याच्या व्हिडिओवर यूट्यूबचा कॉपीराइट क्लेम येऊन बसला.

त्या अल्बममधले एक गाणे मात्र असे नव्हते. त्याचा बीट त्यांच्याच गल्लीतल्या मुलाने केला होता, आणि त्यासाठी खर्जातल्या मुलाच्या मोठ्या वडिलांची पेटी त्याने घरीच मोबाइलवर टिपून घेतली होती. हे मोठे वडील कव्वालीच्या दुय्यम सामन्यांत, म्हणजे दोन कव्वालांच्या जुगलबंदीत, वर्षानुवर्षे पेटीवर बसलेले. रेकॉर्डिंगच्या दिवशी ते स्वतः आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून दोन टेक मुकाट ऐकले आणि म्हणाले, “तुमी दोघं एकाच ठिकानी दम घेऊन राहिले न बे. एकानं दम घेतला का दुसऱ्यानं ओळ पकडाची.” मग त्यांनी पुतण्याच्या हातातला कागद घेऊन त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या: इथे तू थांब, इथून त्याने उचलायचे, हा शब्द दोघांनी मिळून टाकायचा. पुढचा टेक आम्ही ठेवला. भाड्याच्या बीटवर अशी दुरुस्ती करता येत नाही, कारण शब्द बसवण्यासाठी कुठे एक मात्रा वाढवायची, कुठे ढोलक काढून घ्यायची, हे विचारायला समोर कोणी नसते. इथे तो मुलगा लॅपटॉप घेऊन शेजारीच बसला होता आणि मोठ्या वडिलांनी सांगितलेली प्रत्येक जागा तो तिथल्या तिथे मोकळी करून देत होता.

अल्बममध्ये व्हरायटी हवीच, पण जोडीच्या अल्बममध्ये ती दोन गळ्यांतून यायला हवी. ती बीटमधून विकत आणावी लागत असेल तर तुमचे लेखन कच्चे आहे.

खर्चाचा एकच ठरलेला आकडा सांगता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तासाचा दर प्रत्येक स्टुडिओचा वेगळा असतो, तो फोन करून विचारावा; बिल फुगते ते दरापेक्षा स्टुडिओत बसून ओळी बदलण्यामुळे, म्हणून सगळे तोंडपाठ करूनच आत शिरावे. बीट करणाऱ्याचा वाटा गाणे बाहेर पडण्यापूर्वी कागदावर लिहून सह्या घ्याव्यात, आणि गीतकार व संगीतकार म्हणून आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासदत्व घ्यावे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मॉस डेफ आणि तालिब क्वेली यांच्या ब्लॅक स्टार या रॅप जोडीचा १९९८ सालचा अल्बम अनेक निर्मात्यांच्या बीटवर उभा आहे आणि तो उत्तम आहे. पण त्यातही हाय-टेक या एका निर्मात्याचा हात सर्वांत मोठा आहे. ओळखीत बीट करणारा कोणीच नसेल आणि बाहेरूनच घ्यावे लागले, तर निदान एकाच निर्मात्याचे, एक्सक्लुझिव्ह हक्कांसह (म्हणजे तो बीट दुसऱ्या कोणाला विकला जाणार नाही अशा अटीवर) आणि सुटे ट्रॅक मागून घ्यावेत, मग भले दहाऐवजी पाचच गाणी झाली तरी चालतील.

माझ्या त्या भागीदाराचे आजही म्हणणे आहे की तो अल्बम वऱ्हाडी बोलीमुळे पडला. तसे असेल, तर त्यातले जे एकमेव गाणे त्या मुलांना आजही प्रत्येक कार्यक्रमात म्हणावे लागते, ते सगळ्यांत जास्त वऱ्हाडी आणि नेमके गल्लीतल्या बीटवरचेच का, एवढे त्याने सांगावे.