आकडा दहा हजारांचा, मोल शून्य

प्रश्न : मी कॅसिनोच्या चिप्स (खेळताना पैशाऐवजी वापरायच्या चकत्या) आणि टोकनं (स्लॉट मशिनमध्ये नाण्याऐवजी टाकायच्या धातूच्या चकत्या) जमवतो. लास वेगासला जायचा बेत आहे. तिथल्या एखाद्या महागड्या पोकर टुर्नामेंटमध्ये उतरलो, तर संग्रहात दुर्मीळ काही पडेल का? निदान फी तरी वसूल होईल?

उत्तर : संग्रहासाठी म्हणून भरणार असाल, तर भरू नका. खेळायची हौस असेल तर गोष्ट वेगळी, त्यातलं मला विचारू नका.

मी स्वतः यात फसलोय. एका जुन्या लॉटमधून जांभळी, वजनदार चिप उचलली होती. मधोमध ठसठशीत १०,०००. घरी भिंगाखाली धरली, तर कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत ‘रोख मूल्य नाही’. टुर्नामेंटच्या चिप्स म्हणजे नुसते गुण! वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या लास वेगासच्या बड्या स्पर्धामालिकेतल्या मुख्य स्पर्धेची फी १९७२ पासून १०,००० डॉलरच आहे. पूर्वी तेवढ्यात १०,००० च्या चिप्स मिळत, हल्ली ६०,००० च्या मिळतात. पैसे तेवढेच, आकडा सहापट.

शिवाय त्या तुमच्याकडे राहतच नाहीत. हरलात की समोरच्याकडे जातात, आणि शेवटी सगळ्या पेटीत. खिशात घालून निघालात तर पंचाईत, कारण तिथे चिपन्‌चिप मोजलेली असते. २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एकाने नकली चिप्स घुसवल्या आणि स्पर्धाच रद्द करावी लागली. पठ्ठ्याने उरलेल्या चिप्स दुसऱ्या हॉटेलच्या संडासात ओतल्या, पाइप तुंबला, आणि तिथून त्याचा माग लागला.

संग्राहकाचा फायदा असलाच तर टुर्नामेंटच्या दोरीबाहेर. मोठ्या कार्यक्रमांच्या निमित्ताने कॅसिनो कधीकधी मर्यादित संख्येच्या पाच डॉलरच्या चिप्स काढतात. त्या खऱ्या पैशाच्या. आवडली नाही तर तिथेच परत करून पाच डॉलर घ्या. तुम्ही घरी नेलीत तर कॅसिनो खूशच, कारण ते पाच डॉलर त्याला द्यावे लागत नाहीत. पण म्हणून भाव चढेल असं समजू नका. सगळेच जपून ठेवतात ती वस्तू दुर्मीळ कशी होणार? भाव येतो तो कुणी जपल्या नाहीत अशा, बंद पडलेल्या कॅसिनोंच्या रोजच्या वापरातल्या चिप्सना.

टोकनांसाठी तर टुर्नामेंट अगदीच निरुपयोगी. १९६५ च्या सुमारास चांदीचे डॉलर चलनातून गायब झाले, म्हणून नेवाडातल्या (लास वेगास याच राज्यात) कॅसिनोंच्या स्लॉट मशिनांसाठी फ्रँकलिन मिंट या खासगी टाकसाळीने टोकनं पाडली. आता बहुतेक स्लॉट मशिनांतून कागदी तिकीट निघतं, आणि स्लॉटच्या टुर्नामेंटमध्ये पडद्यावर गुण पळतात. हातात धरायला काही उरलेलंच नाही.

तेव्हा फीचे पैसे खिशातच ठेवा. कॅशियरच्या खिडकीशी जाऊन नव्या, करकरीत पाचच्या चिप्स मागा. दोन घ्या, एक अदलाबदलीला होईल.