मुलीसाठी पहिली एअर रायफल, बजेट सत्तर हजार: काय घ्यावं, काय नको?

तुम्ही विचारलंय की मुलगी 13 वर्षांची आहे, वर्षभर क्लबच्या रायफलवर टेन मीटर (दहा मीटरवरच्या टार्गेटची नेमबाजी) करतेय, आता स्वतःची हवी म्हणून मागे लागलीये आणि हातात सत्तर हजार आहेत. आम्ही कोल्हापूरचे, पोरगा चार वर्षं दुधाळीच्या शूटिंग रेंजवर जातोय, त्यामुळं यातली बरीच ठेच आमची खाऊन झालीये, ती सांगतो.

आधी एक गैरसमज. 2024 ला स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मिळालं तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक पाहुणा विचारतो की लायसन काढलं का. त्याची रायफल 50 मीटरची, गोळीची पॉइंट टू टू (.22), तिला लायसन लागतं. तुमच्या मुलीची 4.5 मिमीची एअर रायफल, छर्ऱ्याचा जोर 20 ज्यूलच्या आतला, तिला लायसन लागत नाही, दुकानदार ओळखपत्र वगैरे मागतो तेवढंच.

आता मुद्द्याचं. सत्तरच्या सत्तर हजार रायफलीत घालू नका. मी तेच केलं आणि पोरगा सहा महिने दुसऱ्याचं जॅकेट घालून उभा राहिला. मॅचची रायफल चार-पाच किलोची असते, 60 शॉटला सव्वा तास उभं राहायचं, तेही कंबर थोडी मागं वाकवून आणि डावं कोपर बरगडीला नाहीतर कमरेच्या हाडाला टेकवून, या वयात पाठीला जॅकेटचा आधार नसेल तर पोर पंधराव्या शॉटला डुलायला लागतं आणि आपण म्हणतो रायफल बरोबर नाही. जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह हे भारतीय बनावटीचं घ्या, चांगलं मिळतं, त्याला पंचवीस-तीस हजार बाजूला काढा. आणि शाळेच्या युनिफॉर्मसारखं वाढत्या अंगाचं शिवू नका, आपली सवयच ती. जॅकेटची पुढची बाजू एकमेकांवर फार चढली तर चेकिंगला अडवतात, फार घट्ट असलं तरी अडवतात. बटणं सरकवून वर्ष-दीड वर्ष काढता येतं, तेवढं पुरे.

मग रायफलीला उरले चाळीस. एवढ्यात नवीन परदेशी पीसीपी (सिलेंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) येत नाही हे सरळच सांगतो, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अ‍ॅनशुट्झच्या वरच्या मॉडेलना लाखांत पैसे जातात. काही जण म्हणतील दहा-पंधरा हजारांची स्प्रिंगवाली घ्या. शाळेच्या स्पर्धेत ओपन साईटचा (उघड्या खाचेतून नेम धरायचा) वेगळा गट असतो, मुलगी फक्त त्यातच उतरणार असेल तर चालेल, पण वर्षभर पीप साईटवर (बारीक भोकातून नेम धरायचा) हात बसलेल्या पोरीला स्प्रिंगवाली देऊ नका. स्प्रिंग सुटली की रायफल पुढं-मागं धक्का खाते, शॉट गेला तो होल्डिंगमुळं (रायफल धरण्यातल्या चुकीमुळं) की धक्क्यामुळं हे तिलाही कळत नाही न कोचलाही. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो.

म्हणून एक तर वर्षभर अजून क्लबचीच भाड्याने वापरा आणि पैसे साठवा, नाहीतर सेकंडहँड बघा. सिनियर पोरं रायफल बदलतात, त्यांच्या जुन्या ज्युनियर किंवा क्लब मॉडेलच्या रायफली कोचला माहीत असतात. माझं मत विचाराल तर भाड्याचीच, पण मुलगी ऐकणार नाही हेही माहितीये.

सेकंडहँड घेताना बॅरलच्या आधी हवेचा सिलेंडर बघा. माझी फजिती इथंच झाली. ज्याच्याकडून घेतली त्यानं मीटरवर हवेचा दाब 200 बार दाखवला, पोरानं पाच शॉट मारले, पाचही एकाच भोकात, मी तिथंच पैसे मोजले. पुढं पहिल्याच मोठ्या मॅचला तपासणीवाल्यानं सिलेंडर हातात घेऊन फिरवला, मोबाईलचा टॉर्च मारला आणि मला बोटानं दाखवलं, तांदळाएवढ्या आकड्यांत महिना आणि वर्ष कोरलेलं, दहा वर्षं उलटून गेलेली. या सिलेंडरचं आयुष्य कंपनी साधारण दहाच वर्षं धरते. पोरगा दुसऱ्याचा सिलेंडर मागून मॅच खेळला, आणि नव्या सिलेंडरला जे गेले त्यात बूट-ग्लोव्ह आले असते. तर तारीख स्वतःच्या डोळ्यानं वाचा, आणि हवा भरायचा अ‍ॅडाप्टर सोबत मिळतोय ना ते विचारा, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

दुसरं म्हणजे बट प्लेट (खांद्याला टेकते ती) आणि चीक पीस (गाल टेकतो तो) किती सरकतात ते बघा. बट लांब पडला की पोर मान पुढं ताणून पीपमध्ये डोळा घालतं, लांबून बघितलं तर कासवासारखं दिसतं, आणि संध्याकाळी मान धरते. रायफल मुलीच्या अंगावर लावून बघितल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी. हँडपंपाच्या नादी लागू नका, 200 बारपर्यंत नेताना बापाचाच घाम निघतो, रेंजवर भरून मिळतं.

आणि पेलेट, म्हणजे छर्रे. हे कुणी सांगत नाही. रोज सत्तर शॉट धरले तर 500 चा डबा आठवड्यात संपतो, म्हणजे महिन्याला चार डबे, चांगल्या परदेशी मॅच पेलेटचा डबा हजाराच्या आगेमागे. सरावाला साधे आणि मॅचआधी पंधरा दिवस चांगले, असं आम्ही करतो. घरी ड्राय (पेलेट न घालता नेम आणि ट्रिगरचा सराव) करून घ्या, पीसीपीला त्याची सोय असते, पेलेटही वाचतं. स्प्रिंगवाली मात्र पेलेट न घालता कधी मारायची नाही, सील जातं.

मुलगी लेफ्टी आहे का, किंवा उजव्या हाताची असून नेमाचा डोळा डावा आहे का, ते आधी कोचकडून बघून घ्या आणि खाली लिहा. तसं असेल तर सेकंडहँड मिळणंच अवघड, आणि नंतर विकणं त्याहून अवघड, मग मी भाड्याचीच घ्या म्हणेन.