घोडा ओढला की जमीन ओळखली?

रेसकोर्सवरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. वडील गिरणीत होते, त्यांच्यासोबत लहानपणापासून महालक्ष्मीला येतो. परवा सहाव्या रेसला, १४०० मीटरला, आमचा फेव्हरिट वळण संपताना तिसरा होता. पुढे रेलला, म्हणजे आतल्या कठड्याला लागून, चांगली मोकळी गल्ली होती. जॉकीनं तिथे घुसायचं सोडून घोडा बाहेर काढला, पार मधोमध नेला आणि शॉर्ट हेडनं, डोक्याहूनही कमी अंतरानं हरला. आमचा अख्खा ग्रुप म्हणतो, घोडा ओढला, म्हणजे मुद्दाम रोखला. लांबून फिरवला म्हणजे हरवायचाच होता ना?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : पत्रात तुम्ही एक शब्द सहज लिहून गेलात, ‘सहाव्या’. माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

सहाव्या रेसआधी त्या गवतावरून पाच रेस धावून गेलेल्या असतात. प्रत्येकीत आठ-दहा घोडे धरा. एकेक घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा. भरधाव असताना एका क्षणी त्याचा एकच पुढचा पाय जमिनीवर असतो आणि त्या एका खुरावर घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. आणि हे सगळे पळतात कुठून? रेलला चिकटून, कारण तिथून अंतर कमी. म्हणजे संध्याकाळपर्यंत आतली दोन-तीन मीटरची पट्टी नांगरल्यासारखी होते. दोन रेसच्या मध्ये माणसं उपटलेली ढेकळं पायानं दाबत, खड्ड्यांत माती भरत फिरतात, ती तुम्ही पाहिली असतील. बहुतेक लोक तेव्हा टोटच्या, म्हणजे पैसे लावायच्या खिडकीवर असतात, हा भाग वेगळा.

तुम्हाला जी मोकळी गल्ली दिसली, ती मोकळी का होती, हे विचारलंत का? पुढच्या दोघांनी ती सोडली होती. मुंबईत रस्ता उगाच रिकामा दिसला की आपण म्हणतो ना, पुढे खोदकाम असणार.

आता अंतराचा हिशेब. शाळेचं गणित आहे, पण स्टँडमधला शंभरातला एकही जण करत नाही. वळणावर रेलपासून चार मीटर बाहेरून घोडा पळवला, तर अर्धवर्तुळाला साधारण साडेबारा मीटर जास्त पडतात. म्हणजे पाच लेन्थ, पाच घोड्यांची लांबी. हे नुकसान मोठं आहे आणि त्यासाठी जॉकीला शिव्या घाला, मी अडवणार नाही. पण वळण संपल्यावर, शेवटच्या ४०० मीटरमध्ये घोडा तिरका नेत नेत दहा मीटर बाहेर काढला, तर किती जास्त? बारा-तेरा सेंटिमीटर. तुमच्या वितीपेक्षा कमी. वरून बघताना वाटतं, अरे, केवढा फिरवला! प्रत्यक्षात त्यानं विकत घेतली ती न तुडवलेली जमीन, आणि किंमत दिली एका वितीची.

तुम्ही म्हणाल, पण तीच वीत नडली, शॉर्ट हेडच गेला. खरं आहे. मात्र रेलनं गेला असता तर लेन्थभर हरला असता, असं मला वाटतं. उकरलेल्या मातीत खूर घसरतो, घोड्याची ढांग तुटते. वळणावर आतल्या बाजूचा पुढचा पाय आघाडीला असतो, सरळ रस्त्याला लागल्यावर दमलेला घोडा तो पाय बदलतो. त्या बदलाच्या वेळी खाली जमीन नीट लागते, नाहीतर तो अडखळतो किंवा पाय बदलतच नाही आणि शंभर मीटरवर विझतो. चांगला जॉकी तो क्षण चांगल्या गवतावर आणून ठेवतो. तुमच्या जॉकीनं वळणभर तिसऱ्या जागेवर आत राहून मीटर वाचवले आणि सरळ रस्त्यावर खर्च केले. मला तर ही अक्कल दिसते.

हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकी होतो, वजन सत्तेचाळीस किलो आणि डोक्यात हवा. पुण्याचा पावसाळी सीझन, रात्रभर रिपरिप. सकाळी बाकीचे जॉकी ट्रॅकवर चालायला गेले, बुटाच्या टाचेनं गवत दाबून बघत होते. मी चहा पीत बसलो. दुपारी रेलला गल्ली मिळाली, घुसलो. पुढच्या घोड्याच्या खुरांतून उडालेला चिखल थपकन गॉगलवर. एकावर एक घातलेल्या गॉगलांतली वरची काच खाली ओढली, दुसरी होती, तीही भरली, तिसरी मी घातलीच नव्हती. चिखलात रेल कुठे आहे तेही दिसेना. घोडीचा पुढचा पाय गेला, मी तिच्या मानेवरून खाली. कॉलरबोन मोडलं. घोडी उठून झटकून उभी राहिली, देवाची कृपा. ट्रेनर हॉस्पिटलात आले, माझी चौकशी नंतर, आधी एकच प्रश्न : “चहा चांगला होता का रे?”

तुमच्या ग्रुपमधलं कोणी म्हणेल, जमिनीचा आकडा तर छापून येतो, त्यात कुठे काय वाईट होतं? तो पेनेट्रोमीटरचा आकडा. ठरलेल्या उंचीवरून ठरलेलं वजन सोडून सळई जमिनीत किती रुतते ते मोजतात. आकडा मोठा, तितकी माती मऊ. ट्रॅकवर अनेक ठिकाणी मोजून सरासरी काढतात. पण सरासरी म्हणजे सरासरी. रेलजवळ काय आणि मधोमध काय, हे त्या एका आकड्यात येत नाही. आणि तो असतो रेस सुरू होण्याआधीचा, सहाव्या रेसचा नव्हे.

त्यापेक्षा फॉल्स रेल कुठे लावलीय ते वाचा. आतलं गवत वाचवायला सरकती रेल काही मीटर बाहेर आणून लावतात, म्हणजे घोडे नव्या पट्टीवरून पळतात. नुकती बाहेर सरकवली असेल तर त्या दिवशी रेलची जागा उत्तम. बरेच दिवस तिथेच असेल तर नवी पट्टीही जुनी झालेली. मग पहिल्या दोन-तीन रेस पैसे न लावता नुसत्या बघा. जिंकणारे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कुठून येतात? जॉकी रेल सोडून बाहेर निघायला लागले की समजा, आतल्या जमिनीबद्दल त्यांच्या आपसात बोलणं झालंय.

घोडा ओढणारे नसतातच, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण ओढणं दिसतं ते हातात. लगाम आखडलेला, बूड खोगिराला टेकलेलं, घोड्याचं तोंड वर, आणि मागचे पुढे निघून गेल्यावर साहेबांना अचानक जोर येतो. स्ट्युअर्ड, म्हणजे रेसवर नजर ठेवणारे अधिकारी, वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेलं चित्रण बघतात, जॉकीला बोलावून विचारतात, सस्पेंडही करतात. तुमच्या जॉकीचे हात पुढे-मागे चालत होते की नाही, ते पत्रात नाही. त्या रेसचं चित्रण पुन्हा मिळालं तर या वेळी घोड्याकडे नको, हातांकडे बघा.

प्रश्न : पावसाळ्यात महालक्ष्मीला रेस का होत नाहीत? पुण्यात होतात मग!
— एक वाचक, विरार

उत्तर : मूळची जागा पाणथळ. १८८३ मध्ये रेस इथे आल्या, त्याआधी भायखळ्याला व्हायच्या. जुलैत महालक्ष्मीच्या गवतावर घोडे सोडले तर सीझनला शेतच उरेल. म्हणून पावसाळ्यात सगळा कारभार घाट चढून पुण्याला, आणि नोव्हेंबरच्या सुमाराला परत. तुमच्या विरारच्या पावसापुढे पुण्याचा पाऊस म्हणजे शिंतोडे, तरी माझं कॉलरबोन मोडायला पुरला. फेब्रुवारीतल्या डर्बीपर्यंत, म्हणजे सीझनच्या मोठ्या रेसपर्यंत, इथली जमीन चांगली बसलेली असते, तेव्हा पाणी मारून मऊपणा राखावा लागतो.

प्रश्न : काका, जास्त बोलत नाही. डर्बीचा एक नंबर सांगा.
— एक वाचिका, गिरगाव

उत्तर : ताई, नाही. मी रेलजवळ उभा असतो, रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकला नाही. आलात तर गवत दाखवीन.