मूडलवरून कॅनव्हासवर जाताना प्राध्यापकांचं प्रशिक्षण किती दिवसांचं ठेवावं?

दोन दिवस ठेवा नाहीतर दहा. मला खटकलं ते तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य: "ज्येष्ठ प्राध्यापक विरोध करतायत, त्यांना कसं वळवावं?" आमच्याकडच्या त्या ज्येष्ठांतली एक मी होते, म्हणून लिहितेय.

आमच्याकडेही हाच बदल झाला: कोर्स, चाचण्या आणि गुण ऑनलाइन सांभाळणारी मूडल ही प्रणाली सोडून कॅनव्हास ही तशीच दुसरी घेतली. सभागृहात सत्तर जण बसलेले, समन्वयक सर पडद्यावर भराभर क्लिक करतायत. मी विचारलं, "गुणपत्रकातले रिकामे रकाने इथे कसे धरतात?" सर म्हणाले, "मॅडम, ते बारकावे नंतर बघू. आधी डॅशबोर्डवर आपल्या कोर्सला रंग द्या." रंग दिला. ते 'नंतर' काही आलं नाही.

मूडलमध्ये मी रिकामे गुण वगळण्याचा पर्याय मुद्दाम बंद ठेवला होता. चाचणी बुडवली की शून्य. कॅनव्हास मात्र विद्यार्थ्याला एकूण टक्के दाखवताना, वेगळं काही सांगितलं नाही तर, गुण दिलेलीच कामं धरतं. वीस गुणांच्या पाच चाचण्या. एका मुलानं दोनच दिल्या, १७ आणि १८. खरं तर शंभरात ३५. त्याला दिसत होते ८७.५ टक्के. तो मला येऊन विचारतो, "मॅडम, शेवटच्या तीन नाही दिल्या तरी चालतंय ना?" त्याचं काय चुकलं? तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. दोन रात्री बसून १४० मुलांचे रिकामे रकाने हातानं शून्यानं भरले. पुढे कळलं की रकान्याच्या मेनूत 'सेट डिफॉल्ट ग्रेड' असतं, अख्ख्या रकान्यातल्या रिकाम्या जागा एका झटक्यात भरतं. दोष प्रणालीचा नव्हताच, सोय होती. ती सांगायला कुणाला वेळ नव्हता.

आणि सत्राच्या शेवटी अहवालात काय? "ज्येष्ठ प्राध्यापकांचा तंत्रज्ञानाला विरोध." मी मूडल १.९ पासून, म्हणजे २००८ पासून त्यात प्रश्नपेढी बांधत आलेय. विरोध म्हणे!

तर प्रशिक्षणात प्रत्येकाचा स्वतःचा एक खरा कोर्स उघडा, नमुन्याचा नको. तो कॅनव्हासमध्ये आणताना शेजारी माणूस बसवा. प्रश्नपेढी आली म्हणून खूश होऊ नका. सगळे प्रश्नप्रकार जसेच्या तसे येत नाहीत, प्रत्येक प्रकारातला एकेक प्रश्न सोडवून बघायला लावा. मॉड्यूल, म्हणजे कोर्समधला साहित्याचा एक गट, प्रकाशित करायचं राहिलं तर आतलं सगळं प्रकाशित असूनही मुलांना तिथून उघडत नाही, त्यामुळे कोर्स मुलांना कसा दिसतो ते दाखवणारा 'स्टुडंट व्ह्यू' पहिल्याच तासाला दाखवा. कोर्स आयात केला की अभ्याससाहित्य येतं. मुलांनी जमा केलेलं काम आणि जुने गुण येत नाहीत. म्हणून जुनी प्रणाली निदान वर्षभर फक्त बघण्यापुरती चालू ठेवा. गुणांवरून तक्रार आली की पुरावा तिथेच सापडतो. आणि कृपा करून सत्राच्या मध्यात बदल करू नका.

शिकायचंच नाही असे लोकही असतात, हे कबूल. आमच्यातले दोघे पासवर्ड लिपिकाच्या हवाली करून मोकळे झाले होते. समन्वयक सरांवरही वरून तारखेचा दट्ट्या असणार. पण अहवाल त्यांनीच लिहिला होता, आणि माझा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

दिवस विचारलेच आहेत तर, सत्रापूर्वी एक आणि पहिली चाचणी तपासून झाल्यावर एक. दुसऱ्या दिवशी पडदा लावू नका, नुसते प्रश्न घ्या. रंगाचं आमचं आम्ही बघू.