कुत्र्याचं डोकं दिसलं म्हणजे होहेनझोलर्नच असं नाही

तुम्ही जुन्या मुद्रेचा फोटो पाठवून विचारलंय, ही होहेनझोलर्न (थोडक्यात झोलर्न) या जर्मन राजघराण्याची आहे का. चार चौकोनांची काळी-पांढरी ढाल, शिरस्त्राणावर कुत्र्याचं डोकं, आणि चौकशी केली तर ‘आडनाव आणि शुल्क पाठवा’ असं आडनावावरून कुलचिन्ह देणाऱ्या एका कार्यालयाचं उत्तर. हे सगळं ओळखीचं आहे! त्यांचा तो चकचकीत छापील कागद बाजूला ठेवा. जर्मनीत कुलचिन्ह घराण्याचं असतं, आडनावाचं नव्हे. एकाच आडनावाच्या घराण्यांची चिन्हं वेगवेगळी सापडतात.

आता मला सगळ्यांत महाग पडलेली चूक सांगतो: मुद्रेचा पितळी साचा, म्हणजे लाखेवर ठसा उमटवायचा शिक्का, पाहून निष्कर्ष काढणं. साच्यात सगळं उलटं असतं. झोलर्नच्या ढालीतला पहिला चौकोन, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडचा वरचा, रुपेरी असतो. कुलचिन्हशास्त्रात त्यालाच ‘उजवा’ म्हणतात, कारण बाजू ढाल धरणाऱ्याच्या मोजतात. तुमच्या फोटोत तिथे आडव्या-उभ्या रेषांची जाळी आहे, म्हणजे काळा. फोटो साच्याचा असेल तर हे बरोबर जुळतं. लाखेच्या ठशाचा असेल तर ढाल दुसऱ्या कोणाची तरी आहे. आधी एवढंच सांगा. (कोरीव कामात रंग रेषांनी दाखवतात: कोरा भाग रुपेरी, ठिपके सोनेरी, उभ्या रेषा लाल, आडव्या निळ्या. ही पद्धत 1638 नंतर रुळली, त्यामुळे मध्ययुगीन म्हणून विकल्या जाणाऱ्या मुद्रेवर ती दिसली तर विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.)

डोक्यावरून घराणं ठरवू नका. झोलर्न घराण्यातल्या न्यूरेंबर्गच्या बुर्गग्राफने (किल्ल्याच्या सरदाराने) ते शिरोभूषण, म्हणजे शिरस्त्राणावरचं कुत्र्याचं डोकं, 1317 मध्ये रेगेन्सबर्गच्या नव्हे, झ्युरिकजवळच्या रेगेन्सबेर्ग घराण्याकडून 36 मार्क चांदीला विकत घेतलं. ओटिंगेन नावाचं दुसरं जर्मन घराणंही तेच डोकं वापरायचं. फरक कानात: झोलर्नच्या कानावर चार चौकोन, ओटिंगेनच्या लाल कानावर रुपेरी तिरपी फुली. बारीक मुद्रेवर कान झिजतो, म्हणून भिंगाशिवाय पैज लावू नका.

घराणं पटलं तर शाखा बघा. लाल गरुड असेल तर ब्रांडेनबुर्गची (बर्लिनभोवतालच्या प्रांताची) शाखा, म्हणजे 1415 नंतरचं. निळ्यावर एकच राजदंड असेल तर तीच शाखा. लालवर दोन राजदंड एकमेकांना छेदणारे, सोबत सोनेरी सांबर असेल तर स्वाबियन, म्हणजे दक्षिण जर्मनीतली शाखा, आणि कागदपत्रं बर्लिनला नव्हे, त्या शाखेच्या झिगमारिंगेन गावी शोधायची. मी अभिलेखागारातला माणूस नाही, तरी एवढ्या एका फरकाने पत्रव्यवहाराचे महिने वाचतात.

फोटो पुन्हा काढाल तर विजेरी अगदी आडवी धरा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. लाख गरम पाण्याने पुसू नका.